ड्रॅक्युला दाखवताना क्षयरोगही सांगावा का?

मलप्रभाकाठ (खानापूर):
पोरांना ड्रॅक्युला खुशाल दाखवा, पण रक्तपिपाशाची भीती कुठून आली तेही सांगा. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या एक्झेटर गावात एका घरातली आई गेली, थोरली मुलगी गेली, मग जानेवारी १८९२ मध्ये एकोणीस वर्षांची मर्सी ब्राउन. भाऊ एडविन अंथरुणाला खिळलेला. गावकरी म्हणाले, मेलेल्यांपैकीच कुणीतरी त्याचं रक्त शोषतंय. मार्चमध्ये प्रेतं तपासली. मर्सीचं कुजलं नव्हतं. ऐन हिवाळ्यात मेलेली, थंडीच पुरेशी होती. तरी तिचं काळीज जाळून राख भावाला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. घरात क्षय होता, आणि जर्मन डॉक्टर कॉखने त्याचे जंतू १८८२ मध्येच शोधले होते! आपल्याकडेही खोकल्यातून रक्त पडलं की आधी देवरशाकडे धावणारी घरं आहेत.

वेशीवरचा (चंदगड रोड):
असं कसं म्हणता ओ? तिकडच्या प्रेतांचा हिशेब आमच्या देवाकडं कशाला मागता? वेताळ वेशीचा राखणदार. आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे वेताळालाच, लोक चपला वाहतात, कारण रात्री गावभर फिरून त्याच्या चपला झिजतात ही श्रद्धा. तो कुणाचं रक्त पीत नाही. ऑस्ट्रियाच्या राणीनं, मारिया थेरेसानं, १७५५ मध्ये रक्तपिपासू समजून प्रेतं उकरण्यावर बंदी घातली, तरी १८९७ मध्ये स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ कादंबरी आलीच. कृत्य थांबवा, गोष्टीला हात लावू नका.

शहापूरची सून:
वेतोबाबद्दल कुणी बोललंच नाही. अळवंतिणीचं काय? ती म्हणजे पोटुशी असताना किंवा बाळंतपणात गेलेली बाई. जिवंतपणी तिला वेळेवर दवाखाना मिळाला नाही, मेल्यावर तिलाच घाबरायचं. मर्सीचं आणि तिचं दुःख एकच आहे. हे पोरींना सांगायलाच हवं.

वेशीवरचा:
ताई, ती गोष्ट मोडलीत तर त्या बाईची उरलेली आठवणही जाईल. तिचं नाव तर घरच्यांनीही घेतलेलं नसतं.

मलप्रभाकाठ:
मोडा कोण म्हणतंय? जादूटोण्याविरुद्ध इकडे कर्नाटकात २०१७ चा कायदा आहे, तिकडे महाराष्ट्रात २०१३ चा. पण कायदा कुणाला मारझोड झाल्यावर येतो. आजी त्याच्या कितीतरी आधी पोरापाशी बसलेली असते. तिनंच सांगावं की क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि पुरी घेतली तर माणूस बरा होतो.

वेशीवरचा:
ते शाळेत सांगा, आशाताईंना सांगू द्या. आजीच्या गोष्टीत औषधं घातलीत तर पोर ऐकायलाच बसणार नाही.