रापण नेमकी कशी बंद पडली? वाड्याच्या इतिहासासाठी काय विचारून घ्यावं?

हरमलकार: गोव्यात पेडण्यातल्या एका गाबीत (मासेमार समाजाच्या) वाड्याची इतिहास पुस्तिका तयार होतेय. रापण, म्हणजे काठावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं, ओढलेली माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. त्यांना काय काय विचारावं? ‘ट्रॉलर आले आणि रापण संपली’ एवढं पुरेल का?

वाळूचिंब: जाळं सुती होतं तेव्हापासून सुरुवात करा. सूत ओलं राहिलं की कुजतं, म्हणून ते झाडाच्या सालीच्या काढ्यात भिजवायचे आणि वाळूवर पसरून सुकवायचे. त्याला केवढी जागा लागायची, हे नक्की विचारा. नायलॉन आलं आणि ती गरज गेली.

ओढण्याची पद्धत बारकाईने लिहून घ्या. होडी एक दोर काठावर ठेवून अर्धवर्तुळात जाळं सोडत येते, दुसरा दोर लांबवर काठाला लावते. दोन्हीकडचे गडी ओढत ओढत एकमेकांकडे सरकतात. एक बाजू पुढे गेली की जाळं तिरकं होतं. तळाचा शिशाचा दोर वाळूवरून उचलला गेला तर बांगडे खालून निसटतात, म्हणून शेवटी काही जण पाण्यात उतरून तो पायांनी दाबून धरतात. खडप (खडक) असलेल्या किनाऱ्यावर रापण चालतच नाही.

मांडवीकाठ: ‘ट्रॉलर आले’ एवढं अपुरं आहे. रापण माशाच्या मागे जात नाही, मासा काठाला लागण्याची वाट बघते. १९६१ ला गोवा मुक्त झाल्यानंतर यांत्रिक होड्यांना सरकारी मदत मिळाली. कोळंबीला परदेशी भाव होता आणि ती उथळ पाण्यात मिळते, म्हणून ट्रॉलर थेट काठाजवळ आले. पुढे पर्ससीन (थव्याला वेढून तळाशी आवळायच्या) जाळ्यांनी बांगड्या-तारल्यांचे थवे बाहेरच उचलले. मच्छीमारांचे नेते माथानी साल्ढाणा यांच्या पुढाकाराने रापणकारांनी लढा दिला, १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला, पण अंमलबजावणी कच्ची राहिली. हे सगळं क्रमाने मांडा.

हरमलकार: आणि मिळालेल्या मासळीचे वाटे?

वाळूचिंब: जाळ्याचा आणि होडीचा वाटा वेगळा, ओढणाऱ्यांचा वेगळा. प्रमाण गावागणिक बदलतं, म्हणून तुमच्या वाड्याचंच विचारा. आजारी गड्याला किंवा विधवेला वाटा मिळायचा का, तेही. बायकांशी स्वतंत्र बोला: खारवणं, वाळवणं, बाजार त्यांच्याच हातात होतं. तारले जास्त पडले की माडांना खत म्हणून जायचे, तो हिशोब भाटकाराशी (जमीनमालकाशी) कसा व्हायचा ते त्याच सांगतील.

मांडवीकाठ: घरांच्या कागदांसाठी मामलेदार कचेरीत मुंडकारांची (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांची) नोंदवही आणि जमिनीचा १ व १४ चा उतारा बघा. कित्येक घरं भाटकाराच्या जमिनीत आहेत, उताऱ्यावर मालक म्हणून त्याचंच नाव असतं.