शब्दचर्चा : 'पाच खण सोपा' म्हणजे नक्की केवढा?

वाड्याचं जुनं वाटणीपत्र हाती लागलंय, त्यात 'दक्षिणेकडील पाच खण सोपा व त्यावरील माडी धाकट्याकडे' असं आहे. धाकटे म्हणजे आमचे आजोबा. मी पाच खोल्या समजून खूश झालो, पण त्या बाजूला भिंतच नाहीये मधे, एकच लांबलचक जागा! आपल्याला खण माहिती म्हणजे टेबलाचा, नाहीतर ओटीतला. मग हा कुठला?

—

खोली नाही हो, दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. वाडा दिसायला विटांचा, पण भार सगळा लाकडावर, म्हणजे आधी दगडी जोतं, त्यावर खांब, खांबांवर तुळया, वर कडीपाट (लाकडी कड्या नि फळ्यांचं छत), आणि मधल्या रिकाम्या जागेत विटा भरायच्या. म्हणून मोजमापही खणातच. खणाची लांबी तुळईच्या लाकडावर ठरणार, ती कोण किती ताणणार? त्यामुळे पैसेवाल्याचा वाडा असला तर खण वाढायचे, चौक वाढायचे.

—

खांब बघायचे तर विश्रामबागवाडा बघा, दुसऱ्या बाजीरावाचा. दर्शनी भागात सुरूच्या आकाराचे सागवानी खांब आहेत, त्यांच्या मधल्या जागा मोजत गेलात की खण आपोआप कळतो. शनिवारवाड्यात ते जमणार नाही, १८२८ च्या आगीत आतलं लाकूडकाम गेलं, उरली नुसती जोती. दिल्ली दरवाजावरचा नगारखाना तेवढा राहिला. आणि त्या दरवाजातल्या छोट्या दाराला दिंडी म्हणतात, वारीतली नव्हे, वृत्तातलीही नव्हे. (हा वेगळा धागा होईल खरं तर.)

—

अवांतर : सोपा आणि ओसरी एकच ना? आम्ही कोल्हापूरकडचे, 'सोप्यात बसा' म्हणतो, पुण्याच्या मावशीकडे तेच 'ओसरीवर बसा'.

—

जवळजवळ एकच, गावागणिक बदलतं. आमच्या घरात चौकाकडे उघडा तो सोपा आणि भिंतीबाहेर उतरत्या छपराखाली ती पडवी, असा हिशोब होता. पडवीत सरपण नि म्हैस, सोप्यात पाहुणे. म्हशीला सोप्यात घेतल्याचं ऐकिवात नाही :)

धागाकर्ते, खांब मोजलेत का? पाच खण तर खांब सहा हवेत.

—

मोजले, चारच भरले! म्हटलं आता भाऊबंदकी सुरू. मग चुलत्यांनी दाखवलं, दोन्ही टोकांचे खांब भिंतीत आहेत, एका कोपऱ्यात गिलावा पडलाय तिथे विटांच्या मधून काळं लाकूड दिसतंय, वाळवीनं खाल्लेलं पण आहे जागेवर. म्हणजे सहा बरोबर. टेप लावली तर चार खण सव्वापाच फुटांचे, आणि शेवटचा, जिन्यालगतचा, जेमतेम साडेचार. कागदावर मात्र तोही पूर्ण एक खण!