मदत हवी आहे: दोन युनिटच्या जोडातून गळती, पावसाआधी उपाय हवा

ठिकाण गुहागर, समुद्र अगदी जवळ. कारखान्यातून तयार आलेली २०×१० फुटी दोन युनिटं (खोल्या) जांभ्याच्या जोत्यावर शेजारी-शेजारी बोल्ट केली आहेत. लोखंडी सांगाडा, भिंती-छप्पर ५० मिमी पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम), छपराचा उतार बाहेरच्या बाजूंना.

सरळ पावसात थेंब नाही. नैऋत्येचा वारा आणि झड लागली की मधल्या जोडातून पाणी उतरतं. म्हणजे वारा पाणी जोडावर झाकलेल्या पत्र्याच्या पट्टीखाली (कॅप) वर ढकलतोय. सिलिकॉन भरून झालं. उन्हात पत्रा ताणतो, रात्री आखडतो, की ते एका कडेने सुटतं. कॅपखाली ब्युटाइल टेपही (चिकट रबरी पट्टी) लावली, पण छपराच्या पत्र्याच्या नाळ्यांची (पन्हळींची) तोंडं उघडीच आहेत. स्क्रूंभोवती गंज धरलाय तो वेगळाच.

युनिट उचलता येणार नाही, गल्लीत क्रेन शिरत नाही. विक्रेता म्हणतो, जागेवरचा जोड वॉरंटीत नाही (हे नेहमीचंच).

नाळ्यांत फोम फिलर बसवून रुंद कॅप आणि पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, एवढं खाऱ्या वाऱ्यात टिकेल का? की वरून पत्र्याची शेडच मारावी? शेड मारली तर खांब जोत्यात घ्यायचे की जोत्याबाहेर वेगळ्या पायावर?