एक कुटुंब, एक शहर, चार निराळी उपाहारगृहे: हा मार्ग टिकाऊ आहे का?

टेम्सकाठ

लंडनमध्ये राहणाऱ्या किंवा तेथे जाऊन आलेल्या मंडळींना वीरस्वामी, चटनी मेरी, अमाया आणि मसाला झोन ही नावे ऐकून माहीत असतील. मात्र ही चारही एकाच घरची आहेत हे पुष्कळांना ठाऊक नसते. नमिता पंजाबी आणि त्यांचे पती रणजित मथरानी यांनी १९९० मध्ये चेल्सीतील किंग्ज रोडवर चटनी मेरी सुरू केले. १९२६ पासून चालत आलेले रीजंट स्ट्रीटवरील वीरस्वामी त्यांनी नव्वदच्या दशकात आपल्याकडे घेतले, आणि पुढे २००१ मध्ये मसाला झोन व २००४ मध्ये अमाया उघडले. नमिताबाईंच्या भगिनी कमेलिया पंजाबी यांनी ताज समूहात अनेक वर्षे काम केले होते, आणि १९८२ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या बॉम्बे ब्रासरी या भारतीय उपाहारगृहामागची कल्पना त्यांचीच होती. त्याही या घरच्या व्यवसायात आल्या.

माझे मत असे आहे की खाद्यव्यवसायातल्या कुटुंबाने वाढायचे असेल, तर याच पद्धतीने वाढावे. शहर एकच ठेवावे आणि प्रत्येक ठिकाणी काही वेगळे करावे. अमायामध्ये भटारखाना ग्राहकांच्या डोळ्यांसमोर असतो; तंदूर, सिगडी आणि तवा या तीन गोष्टींवर तेथील बहुतेक पदार्थ होतात, आणि जे आधी तयार होईल ते आधी टेबलावर येते. मसाला झोनमध्ये जेवणाचा कणा म्हणजे वाट्यांनी भरलेली थाळी आणि भेळ-शेवपुरीसारखे आपल्या ओळखीचे पदार्थ. एकच मालक असूनही एका ठिकाणचे ताट दुसऱ्या ठिकाणी आणून ठेवले तर ते परके वाटेल, आणि मला यातच या घराची खरी कमाई दिसते. चटनी मेरी २०१५ मध्ये सेंट जेम्स स्ट्रीटवर गेले आणि २०२३ मध्ये मसाला झोन पिकॅडिली चौकातील जुन्या क्रायटेरियन वास्तूत आले. तेथून वीरस्वामीही जवळच आहे. एका संध्याकाळी पायी फिरून मालकाला तीन ठिकाणची डाळ चाखून पाहता येते. पाच शहरांत पंचवीस शाखा काढणाऱ्याला हे कसे जमेल? इतरांचे मत वाचायला आवडेल, विशेषतः ज्यांनी हा धंदा स्वतः केला आहे त्यांचे.

गल्ल्यावरचा

आपण दिलेले उदाहरण उत्तम आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. आमच्या घरी खानावळीचा धंदा वडिलांच्या आधीपासून आहे, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो. चार प्रकारची उपाहारगृहे म्हणजे चार निराळ्या कोठ्या, चार तऱ्हेचे आचारी आणि चार ठिकाणी वाया जाणारा माल. मुख्य अडचण माणसांची आहे. मिसळीचा कट जमवणारा माणूस डोशाच्या तव्यावर उभा करता येत नाही, आणि तंदूरवाला गावी गेला की त्याची जागा दुसऱ्या कोणाला घेता येत नाही. ब्रिटनमध्ये तर हा प्रश्न अधिकच बिकट आहे, कारण कुशल कामगाराच्या व्हिसासाठीची सर्वसाधारण वेतनमर्यादा एप्रिल २०२४ मध्ये वर्षाला ३८,७०० पौंडांवर नेण्यात आली. भारतातून खास कारागीर नेऊन वेगवेगळे भटारखाने चालवणे दिवसेंदिवस अवघड होत जाणार.

याउलट दिशूम ही उपाहारगृहांची साखळी पाहा. ठकरार कुटुंबातील शमिल आणि कवी या चुलतभावांनी २०१० मध्ये लंडनमध्येच मुंबईच्या इराणी हॉटेलची एकच कल्पना धरली, आणि तीच एडिंबरा, मँचेस्टर, बर्मिंगहॅमपर्यंत नेली. काळी डाळ चोवीस तास शिजवायची हे एकदा ठरले, की नव्या माणसाला ते शिकवता येते आणि जुना माणूस गेला तरी डाळ राहते.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे मांडतो. एका मालकाची चार ठिकाणे झाली की हिशेब त्याला मध्यवर्ती भटारखान्याकडे ढकलतो. मग कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही आणि काजू-मगजाची पांढरी ग्रेव्ही सकाळी एका जागी शिजते, डब्यांतून सगळीकडे जाते, आणि पाट्या चार असल्या तरी चव एकच उरते. आपल्याकडच्या शहरांतही हे पाहायला मिळते.

अन्नपूर्णा

ग्रेव्हीचा मुद्दा अगदी योग्य आहे, आणि नेमक्या त्याच कारणासाठी मी टेम्सकाठ यांच्या बाजूने आहे. ब्रिटनमधील बहुसंख्य करी हाउस, म्हणजे रश्श्यांची साधी उपाहारगृहे, आजच्या बांगलादेशातील सिल्हेटहून गेलेल्या कुटुंबांनी उभी केली. कांद्याची मूळ ग्रेव्ही आधी शिजवून ठेवायची आणि मागणीप्रमाणे तिच्यापासून दहा पदार्थ करायचे, ही त्यांची रीत होती. त्या कष्टाळू लोकांनी तुटपुंज्या भांडवलावर एका देशाला नव्या जेवणाची चटक लावली, म्हणून त्यांच्याविषयी मला आदरच आहे. परंतु त्या रीतीत गोव्याचे, लखनौचे आणि केरळचे जेवण एकाच रंगाचे झाले. चटनी मेरीने सुरुवातीलाच निरनिराळ्या प्रांतांतले आचारी आणून ज्याला त्याला आपापल्या प्रांताचे पदार्थ करायला लावले. तेव्हा हा मार्ग खर्चिक होता आणि धोक्याचाही. अमायाला २००६ मध्ये आणि वीरस्वामीला २०१६ मध्ये मिशेलिनचा तारा मिळाला. एका घरच्या दोन अगदी वेगळ्या पद्धतींच्या उपाहारगृहांना असा मान मिळतो, तेव्हा तेथे एका डब्यातली ग्रेव्ही दोन्हीकडे जात नसणार, असे मानायला जागा आहे.

व्हिसाच्या अडचणीबद्दल मी वाद घालणार नाही, ती खरीच आहे. मात्र त्यावर तेथे राहणाऱ्या मुलांना शिकवणे हा उपाय आहे. सगळ्यांनी एकच डाळ शिजवणे हा नव्हे.

हाउन्स्लोकर

मला दोन्ही बाजूंपेक्षा निराळे काही सांगायचे आहे. मी लंडनच्या ज्या हाउन्स्लो भागात राहतो तेथे सुजय सोहनी आणि सुबोध जोशी या दोन मित्रांनी २०१० मध्ये एका पोलिश आइस्क्रीमच्या दुकानातली थोडी जागा भाड्याने घेऊन वडापाव विकायला सुरुवात केली, आणि त्यातूनच श्रीकृष्ण वडापाव हे नाव उभे राहिले. पाव, बटाटा, लसणाची चटणी आणि तळलेली मिरची एवढ्यावर त्यांनी भर दिला, आणि रविवारी तेथे मराठी, गुजराती, पंजाबी अशी सर्व कुटुंबे रांगेत दिसू लागली.

निराळ्या कल्पनांच्या समूहांविषयी माझी तक्रार अशी आहे की त्यांतला निराळेपणा पुष्कळदा खिशाप्रमाणे पाडलेला असतो. वरच्या वर्गासाठी एक दार, मधल्यासाठी दुसरे, आणि रस्त्यावरचा पदार्थ तिसऱ्या दारात. मसाला झोनच्या सोहोमधील पहिल्या शाखेच्या भिंती महाराष्ट्रातून नेलेल्या वारली चित्रकारांनी रंगवल्या होत्या, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पांढऱ्या रेषांची ती माणसे परदेशात भिंतभर उभी राहणे ही लहान गोष्ट नाही. पण या घराच्या चारांपैकी एकाही ठिकाणाची ओळख मराठी ताट ही नाही. खानदेशी शेवभाजी, मालवणी तिसऱ्या, वऱ्हाडी झुणका यांना स्वतःचे दार कधी मिळणार? इतक्या कल्पना ज्या कुटुंबाला सुचतात, त्याच्याकडूनच ही अपेक्षा करायची ना.

भाडेपावती

आचारी आणि ग्रेव्ही यांवर पुष्कळ चर्चा झाली, परंतु एकाच शहरात राहण्यातला सर्वांत मोठा धोका जागेचा आहे, आणि वीरस्वामीचे प्रकरण त्याचा धडधडीत पुरावा आहे. ज्या व्हिक्टरी हाउसमध्ये ते चालत आले, ती इमारत क्राउन इस्टेट या ब्रिटिश राजसत्तेची मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेच्या ताब्यातली आहे. इमारतीचे नूतनीकरण करून कार्यालयांसाठी जागा सुधारायची, या कारणासाठी २०२५ मध्ये भाडेपट्टा पुढे चालू ठेवण्यास नकार देण्यात आला, आणि शंभरावे वर्ष तोंडावर आलेले असताना मालकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. इंग्लंडमधील १९५४ च्या कायद्याने व्यापारी भाडेकरूला पट्टा नव्याने मागण्याचा हक्क आहे. पण इमारत पाडायची किंवा तिची मोठी पुनर्बांधणी करायची असल्याचे जागामालकाने सिद्ध केले, तर हा हक्क टिकत नाही. भरपाई मिळते, परंतु त्या पत्त्याची भरपाई कोण करणार? वीरस्वामीचे संस्थापक एडवर्ड पामर यांनी तेथे जे रोप लावले, ते दुसऱ्या रस्त्यावर नेऊन तसेच रुजेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

मुंबईत पागडीच्या जागेत असलेली कितीतरी इराणी हॉटेले इमारतीच्या पुनर्विकासात गेली. जी टिकली, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी जागा घरची होती किंवा हक्क पक्का होता. म्हणून माझे सांगणे असे की कुटुंबाने दुसरी, तिसरी, चौथी कल्पना काढण्यापूर्वी पहिल्या कल्पनेची जागा विकत घ्यावी. लंडनच्या मध्यभागी ते अशक्यप्राय आहे हे मला समजते, आणि म्हणूनच सगळा पसारा तेथेच मांडणे मला धाडसाचे वाटते.

टेम्सकाठ

भाडेपावती, आपला मुद्दा मला सर्वांत जड वाटला. तरीही पाहा, एका इमारतीवर संकट आले म्हणून उरलेल्या तीन नावांची ओळख पुसली जात नाही, कारण ती नावे त्या इमारतीवर अवलंबून नव्हती. चारही ठिकाणी वीरस्वामीचीच पाटी असती, तर मूळ दुकान जाताना बाकीच्या शाखांचाही आधार गेला असता.

गल्ल्यावरचा यांना एक आठवण करून देतो. ज्या दिशूमचे उदाहरण त्यांनी दिले, त्याच मंडळींनी २०२३ मध्ये ब्रायटनला परमिट रूम या नावाने वेगळ्या धाटणीचे ठिकाण उघडले. मुंबईच्या दारूबंदीच्या काळातून आलेले हे नाव मराठी माणसाला समजावून सांगायला नको. एका कल्पनेवर मोठे झालेल्या घरालाही दुसरी कल्पना हवीशी वाटली, याचा अर्थ आपण लक्षात घ्यायला हवा.

हाउन्स्लोकर, मराठी ताटाच्या बाबतीत मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. मात्र वेगवेगळे दर म्हणजे वेगवेगळी दारे, हे मला पटत नाही. विद्यार्थ्याला थाळी परवडावी म्हणून मसाला झोन निघाले असेल, तर त्याच घराने अमाया चालवणे हा त्या विद्यार्थ्याचा अपमान कसा होतो?

गल्ल्यावरचा

परमिट रूमचा दाखला मान्य, पण क्रम पाहावा. एक कल्पना तेरा वर्षे घोटल्यावर त्यांनी दुसरीला हात घातला. माझा आक्षेप घाईला आहे, आणि त्याहून अधिक वारशाला. चार तऱ्हांची चव ज्या घरच्या माणसांना उमगते ती दोन-तीनच असतात. पुढच्या पिढीतल्या एखाद्याला तंदूर कळेल, पण रस्त्यावरची भेळ कळेलच असे नाही. मग व्यवस्थापक नेमले जातात, आणि घरचा व्यवसाय केवळ कागदोपत्री घरचा राहतो. एकाच पदार्थसमूहाचे घर असेल तर मुलगा किंवा मुलगी दहा वर्षांत ते पूर्ण शिकते.

अन्नपूर्णा

वारशाची चिंता योग्य आहे, फक्त तिचे उत्तर मला उलट दिशेला दिसते. कमेलियाबाईंनी भारतीय रश्श्यांवर पुस्तक लिहून पुष्कळ काही कागदावर आणले आहे, पण जीभ कागदावरून तयार होत नाही. ती रोज संध्याकाळी मोठ्यांसोबत भटारखान्यात उभे राहून, एकाच डाळीची सकाळची आणि रात्रीची चव ताडून पाहून तयार होते. पुढच्या पिढीतल्या मुलीला सोमवारी तंदुरापाशी आणि मंगळवारी भेळेच्या पाटाशी उभे करायचे असेल, तर ती दोन्ही ठिकाणे एका शहरातच हवीत. एडिंबराहून बर्मिंगहॅमला तिला रोज कोण नेणार?