हेमिन घालूनही प्राय-मायक्रोआरएनए जास्त कापला जात नाही, मदत हवी आहे

नळी_तीन: ड्रोशा (आरएनए कापणारं प्रथिन) आणि डीजीसीआर८ (त्याचं जोडीदार प्रथिन) एकत्र करून प्राय-मायआर-२१ (एका मायक्रोआरएनएचा लांब, न कापलेला आरएनए) कापतोय. हेमिन (लोह असलेलं हीम, डीजीसीआर८ला सक्रिय करणारं) घातल्यावर प्री-चा (कापून निघालेल्या छोट्या आरएनएचा) बँड वाढायला हवा ना? ढिम्म हलत नाही. १० मायक्रोमोलरच्या वर तर उलट फिका होतो आणि आरएनए जेलच्या (आकारानुसार आरएनए वेगळा करणाऱ्या थराच्या) खाचेतच अडकून बसतो. हेमिन नवंकोरं आहे. उद्या परत जेल लावायचंय, लवकर सांगा.

सोरे४५०: डीजीसीआर८चा कुठला तुकडा? ४९३-७२० (अमिनो आम्लांचे क्रमांक) असेल तर त्यात नुसते आरएनए धरणारे दोन भाग येतात. हीम धरणारं सिस्टीन ३५२ (३५२ व्या जागेचं अमिनो आम्ल) त्यात नाहीच, मग कितीही हेमिन ओता.

खलबत्ता: हेमिन कशात विरघळवलं? डीएमएसओ असेल तर टाकून द्या. ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ताजं करा, गाळा आणि ३८५ नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला जातो ते मोजा.

सोरे४५०: डीएमएसओमध्ये काही वाईट नाही, त्याच दिवशी वापरलं म्हणजे झालं. खरा घोळ न्यूट्रल बफरमध्ये होतो, मोकळ्या हेमिनच्या गुठळ्या होतात. खाचेत अडकलेला आरएनए त्याचंच लक्षण वाटतंय.

खलबत्ता: अल्कलीतही ते फार टिकत नाही, मान्य. पण तिथे निदान मोजून घालता येतं.

नळी_तीन: तुकडा २७६-७५१, ई. कोलायमध्ये बनवलेला. रात्रभर डायलिसिस (पडद्याच्या पिशवीतून लहान रेणू बाहेर काढणं) करून हीम काढून टाकलंय. प्रथिन १ मायक्रोमोलर, हेमिन १ पासून २० पर्यंत.

सोरे४५०: डायलिसिसने हे हीम निघत नाही! दोन रेणूंची जोडी मिळून एकच हीम धरते आणि दोन्हींकडचं सिस्टीन ३५२ फेरिक (Fe³⁺) लोहाला पकडतं. ही पकड इतकी घट्ट असते की पिशवी चार दिवस ठेवलीत तरी फरक पडणार नाही. हिशोबही बघा: १ मायक्रोमोलर प्रथिनाला जास्तीत जास्त अर्धा मायक्रोमोलर हीम लागतं. तुमची सगळ्यात कमी मात्राच दुप्पट आहे. हेमिन न घालता स्पेक्ट्रम (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो) घ्या. ४५० नॅनोमीटरला टोक दिसलं तर प्रथिन आधीच भरलेलं आहे. हेमिन घातल्यावर ३९०च्या आसपास पसरट उंचवटा आला तर ते मोकळं हेमिन. नळीचा रंग कसा आहे?

पेशी_पेटी: एवढी खटपट कशाला? पेशींना सक्सिनिलॲसिटोन द्या, हीम बनणंच थांबतं. फक्त सीरममधलं हीम आधी ॲस्कॉर्बिक आम्लाने नष्ट करा, नाहीतर पेशी ते बाहेरून उचलतात.

खलबत्ता: त्यांनी पेशींबद्दल विचारलेलंच नाही. शिवाय पेशीत हीम कमी झालं की इतरही शंभर गोष्टी बिघडतात.

नळी_तीन: रंग पिवळसर आहे. ४५०ला स्पष्ट टोक आहे. म्हणजे भरलेलंच होतं! मग डायथायोनाइटने (लोहाला इलेक्ट्रॉन देणारं रसायन) लोह फेरस (Fe²⁺) करून हीम काढू का?

सोरे४५०: फेरस झालं की सिस्टीनची पकड सुटते हे बरोबर. पण डायथायोनाइटचा अंश उरला तर नंतर घातलेलं हेमिनही फेरस होईल, आणि फेरस हीमने डीजीसीआर८ सक्रिय होत नाही. उद्याच्या जेलसाठी सोपा मार्ग म्हणजे सिस्टीन ३५२ चं ॲलानिन केलेला तुकडा. तो हीम धरत नाही, रंगहीन दिसतो. तो आणि मूळ तुकडा शेजारशेजारच्या लेनमध्ये लावा. दोन्हीकडे प्रथिन सारखं, वरून हेमिन अजिबात नको.

विहीर_सात: थांबा, ड्रोशा कुठून आणलं? सगळे हेमिनवरच भांडताय.

नळी_तीन: मानवी पेशींमध्ये टॅग (पकडायची खूण) लावून, ती खूण धरणाऱ्या मण्यांवर ओढून. का?

विहीर_सात: कारण पेशीतलं डीजीसीआर८ ड्रोशाला चिकटून मण्यांवर येतं, तेही हीमसकट. मग तुम्ही कुठलाही तुकडा घाला, कापणं होणारच. एका लेनमध्ये फक्त मणी आणि आरएनए ठेवा. तिथे प्री-चा बँड दिसला तर बाकीच्या लेन वाचण्यात अर्थ नाही. त्याच मण्यांवर डीजीसीआर८चा वेस्टर्नही (प्रतिपिंडाने प्रथिन ओळखायची चाचणी) करा.

सोरे४५०: हे आधी विचारायला हवं होतं, बरोबर आहे. कीटकपेशीत बनवलेला ड्रोशाचा ३९०-१३७४ तुकडा मिळाला तर तो घ्या.

नळी_तीन: जुन्या जेलवर फक्त मण्यांची लेन होती, आत्ता बघितली. बँड आहे, घातलेल्या प्रथिनाच्या लेनच्या जवळजवळ निम्मा. उद्या आधी वेस्टर्न लावतो. ॲलानिनचा तुकडा कुणाकडे तयार आहे का?