अनुभव धागा: छोट्या गाडीला रिव्हर्स कॅमेरा घरच्या घरी

स्पॅनर

१ जुलै २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. कॅमेरा नाही, फक्त सेन्सर. त्याआधीच्या वॅगनआर, अल्टो, सँट्रोंच्या नशिबी तर ती टूंटूंसुद्धा नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मध्ये गाडी घालणाऱ्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको.

तर ज्यांनी बाहेरून कॅमेरा आणून स्वतःच्या हाताने बसवला त्यांनी इथे लिहा. दुकानात गाडी लावून चहा पिणाऱ्यांचे अनुभव तूर्त नकोत. गाडी कोणती, वायर कुठून नेली, करंट कुठून घेतला आणि पहिल्या पावसाळ्यानंतर काय शिल्लक राहिलं, एवढं यावं.

माझ्यापासून सुरुवात करतो. गाडी जुनी वॅगनआर. कॅमेरा चिकटवायला आणि स्क्रीनमागे पिन खोचायला अक्कल लागत नाही. खरं काम आहे ते डिकीच्या दारातून वायर आत आणण्याचं. दार आणि छत यांच्यामध्ये घड्यांची रबरी नळी असते, त्यात कंपनीच्या वायरी आधीच दाटीवाटीने बसलेल्या असतात. त्यातून आरसीएची, म्हणजे चित्र पुढे नेणाऱ्या केबलची, जाड पिवळी पिन न्यायची. नळीची दोन्ही टोकं पत्र्यातून अलगद उपसून काढा. आतून सायकलच्या ब्रेकची जुनी तार सरकवा, तिला पिन टेपने घट्ट बांधा, टेपवर भांड्याचा साबण चोळा आणि एकाने ओढताना दुसऱ्याने मागून ढकला. बळजबरी केली तर रबर फाटतं आणि पावसाचं पाणी थेट छताच्या अस्तरात उतरतं. नळी परत बसवण्याआधी दार पूर्ण वर उचलून वायरीला ढील किती लागते ते पाहा.

काही जण नळी टाळून वायर दाराच्या बीडिंगखालून दाबून घेतात. दार रोज आपटतं, तार तिथेच तुटते.

पेठकर

चांगला धागा. करंटबद्दल मी लिहितो, कारण निम्म्या लोकांचं गाडं तिथेच अडतं.

पुण्याच्या तापकीर गल्लीतला साधा मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) पुरतो. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून चावी ऑनवर न्या, रिव्हर्स टाका. मागच्या पांढऱ्या दिव्याच्या होल्डरमागे १२ व्होल्टच्या आसपास दिसले की तीच तुमची वायर. कॅमेऱ्याची लाल तिला, काळी बॉडीला. बॉडी म्हणजे रंग लावलेला पत्रा नव्हे, उघडा बोल्ट.

आता ज्याकडे कुणी बघत नाही ती गोष्ट. आरसीए केबलच्या दोन्ही टोकांना एक बारीक लाल शेपूट असतं. ते शोभेचं नाही. मागचं टोक त्याच रिव्हर्सच्या वायरीला आणि पुढचं टोक स्टिरिओच्या 'बॅक' किंवा 'रिव्हर्स' लिहिलेल्या वायरीला जोडलं, तरच गिअर टाकल्यावर स्क्रीन आपोआप बदलते. शेपूट लोंबकळत ठेवलं तर कॅमेरा चालू, पण स्क्रीनवर गाणीच. मग लोक कॅमेरा खराब म्हणून परत करतात!

जोडाला झार (सोल्डर) मारा, वर हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, चढवा. नुसत्या काळ्या टेपचा डिंक मे महिन्यात पाघळतो. आणि मध्ये १ अँपिअरचा फ्यूज टाकाच, कॅमेरा त्याहून कितीतरी कमी खातो.

मनीमाऊ

आमच्या आय१०ला मी आणि लेकीने मिळून बसवला. यजमान सूचना देत होते, त्याचा उपयोग झाला नाही.

वायरिंग बिनबोभाट झालं, पण स्क्रीनवर डावीकडची तुळस उजवीकडे! बऱ्याच कॅमेऱ्यांना वायरीचे दोन छोटे वेटोळे येतात. एक कापलं की चित्र डावं-उजवं पलटतं, दुसरं कापलं की अंतराच्या रंगीत रेघा जातात. आमच्यात हिरवं वेटोळं चित्राचं होतं, तुमच्यात रंग वेगळा असू शकतो, तेव्हा आधी पुठ्ठ्यावरचा कागद वाचा आणि मगच कात्री लावा.

त्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेघांवर मात्र आंधळा विश्वास नको. त्या सरसकट सगळ्या गाड्यांसाठी छापलेल्या असतात, कॅमेरा तुमच्या गाडीला किती उंचीवर आणि किती कलता बसलाय हे त्यांना काय ठाऊक? आम्ही बंपरपासून टेपने मोजून एक, दोन आणि तीन मीटरवर खडूने आडव्या रेषा मारल्या. प्रत्येक रेषेवर पाण्याची बादली ठेवली आणि लाल रेघ पहिल्या बादलीच्या बुडाशी येईपर्यंत कॅमेरा वरखाली केला. आता लाल म्हणजे एक मीटर, हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

तांबडी माती

मुक्काम रत्नागिरी. इथे कॅमेऱ्यापेक्षा भोकाची काळजी जास्त. पत्र्यात ड्रिल मारलं की खाऱ्या हवेत त्या कडेपासून गंज धरतोच. शक्यतो नंबरप्लेटच्या दिव्याशेजारच्या प्लॅस्टिकच्या पट्टीत जागा शोधा. पत्राच भोसकायचा असेल तर कड कानसून उघड्या धातूला झिंक प्रायमर लावा, सुकू द्या, मग भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (कडी).

नंबरप्लेटच्या स्क्रूवर बसणारे पट्टीवाले कॅमेरे स्वस्त मिळतात, पण उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागली असेल तर ते विसरा. तिचं लॉक एकदाच बसतं, काढायला गेलात तर तुटतं. आणि पट्टीने नंबर झाकला तर पावती वेगळी.

जून ते सप्टेंबर लेन्सवर चिखल असतोच. डिकीत एक फडकं ठेवतो.

नवशिक्या

वाचतोय. वायरलेस घेतला तर ही रबरी नळीची भानगड वाचेल ना?

पेठकर

@नवशिक्या, अर्धीच. मागे कॅमेऱ्याला आणि ट्रान्समीटरला करंट लागतोच, म्हणजे दिव्यापर्यंत जावंच लागतं, आणि कॅमेरा डिकीच्या दारावर असेल तर नळीही चुकत नाही. वाचते फक्त पुढपर्यंतची व्हिडिओची तार. स्वस्तातले संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्याच पट्ट्यात वायफाय आणि ब्लूटूथ. पार्किंगमध्ये चित्र थरथरलं तर नवल नाही. ट्रकला वायरलेस ठीक, एवढ्याशा हॅचबॅकला कशाला?

एडिसनकर

इथे अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना कॅमेराच सक्तीचा आहे, त्यामुळे जुनी गाडी बाळगणारे आम्हीच मागे राहिलो. माझी एक युरोपीय हॅचबॅक. सगळं नीट जोडूनही चित्र लुकलुकायचं. कारण असं की अशा काही गाड्यांत कॉम्प्युटर दिव्याला सलग करंट न देता झटक्याझटक्याने देतो. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, म्हणून मापात कळत नाही. त्यासाठी कॅपॅसिटरवाला तयार फिल्टर मिळतो, तो मध्ये घातला की चित्र स्थिर.

स्पॅनर

उपयुक्त. दोन गोष्टी जोडतो. वायर पुढे नेताना छताकडून किंवा खांबांच्या आतून जाऊ नका, पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असल्या तर त्या तिथेच असतात. पिवळ्या वेष्टनाची वायर किंवा पिवळा कपलर (वायरी जोडणारी खोबण) दिसला तर हात मागे. दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी हाताने उचकटते, तिच्याखालून कंपनीच्या वायरींबरोबर सरळ डॅशबोर्डपर्यंत जा.

दुसरं, गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीची वायर सोलू नका. दिव्याच्या सॉकेटमध्ये बसणारा जोडकपलर मिळाला तर तो वापरा, नाही मिळाला तर वॉरंटी संपू द्या.

नवशिक्या

बरं, वायरवालाच घेतो. अल्टोला किती मीटरची केबल लागेल?

स्पॅनर

संचात बहुतेक वेळा सहा मीटरची येते, पुरून उरते. उरलेल्याची गुंडाळी मागच्या सीटखाली बांधून ठेवा, डॅशबोर्डमागे नको. तिथे ती खडखडते आणि मग आवाज शोधायला सगळं परत उघडावं लागतं.