मदत हवी आहे: इंदुरात टेस्टोस्टेरॉनची नीट तपासणी कुठे होईल?

नमस्कार मंडळी. नात्यातल्या 46 वर्षांच्या एका गृहस्थांसाठी विचारतोय. लैंगिक इच्छा कमी, पहाटेची ताठरता जवळजवळ बंद. (थकवा, चिडचिड धरत नाही, अपुऱ्या झोपेनं ती कुणालाही होते.) टोटल टेस्टोस्टेरॉन (रक्तातलं एकूण पुरुषी हार्मोन) 240 ng/dL, म्हणजे कमी आलं, पण नमुना संध्याकाळी, भरल्या पोटी दिलेला! हे हार्मोन सकाळी सर्वाधिक असतं, खाल्ल्यावर उतरतं. तेवढ्यावर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुरू करणं चूकच. त्यानं शुक्राणूही घटतात, आणि त्यांना मूल हवंय.

पलासिया किंवा विजयनगरकडे सकाळी 7 ते 10 मध्ये, उपाशीपोटी नमुना घेणारी लॅब सुचवा. पोहे-जिलबी नंतर. दोन वेगवेगळ्या दिवशी द्यायचाय. मधुमेह आहे, पोटही सुटलंय, म्हणून एसएचबीजी आणि अल्ब्युमिन (रक्तात टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारी प्रथिनं) सोबतच हवं: अशांत एसएचबीजी घटलं की टोटल कमी दिसतं, फ्री (मोकळं, शरीराला वापरता येणारं) मात्र ठीक असू शकतं. दुसऱ्यांदाही कमी आलं तर एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन ही पिट्युटरीची (मेंदूखालच्या ग्रंथीची) हार्मोन्स तपासायची. एलएच वाढलेलं तर दोष वृषणात, नाहीतर पिट्युटरीकडे बघावं लागेल. केसांच्या गोळ्यांतल्या बायोटिननं काही यंत्रांवर आकडा चुकतो, त्या आधी थांबवतोय.

एसएचबीजी कोण करतं, साधारण खर्च किती? आणि एंडोक्रायनोलॉजिस्ट (हार्मोनतज्ज्ञ) कोण बरे? ‘मर्दाना ताकद’वाले दवाखाने कृपया सुचवू नका.